मिट्टीसाहेब

माती खाणं या शब्दांचा आपल्याकडचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. मिट्टीसाहेबांच्या बाबतीत तो घेऊ नका. ते खरोखरच माती खात. नव्या जागेवर गेले की हातभर खड्डा उकरायला लावत, खालची चिमूटभर माती उचलत, दाढेखाली धरत आणि डोळे मिटून हळूच चावत. बारीक करकर लागली तर गाळ, लोण्यासारखी पसरली तर चिकण. मग तोंड फिरवून थुंकत, बरोबर आणलेल्या पाण्याने चूळ भरत आणि काय ते सांगत. जागेचा मालक शेजारी उभा असेल तर त्याला किळस येई. साहेबांना त्याचं काही वाटत नसे. "घेताना तुम्ही चाखली नाहीत," ते म्हणत, "म्हणून आता मला चाखावी लागते."

वाक्प्रचारातली माती ज्यांनी खाल्ली ते लोक वेगळे. तेही या लेखात येतील आणि त्यांच्याबद्दल लिहिताना मी भीड ठेवणार नाही. मी लिहायला शिकलो तो पत्रकांवर. कागद मिळत नसे, त्यामुळे भिडेसाठी जागा उरत नसे.

हैदराबादेत गौलीगुड्याला, सरकी-पेंडेच्या दुकानाच्या माडीवर साहेबांचं दफ्तर होतं. खाली म्हशींच्या खाद्याचा आंबूस वास, वर शाईचा आणि चुन्याचा. पाटी उर्दू, तेलुगू आणि मराठी अशा तीन लिप्यांत होती आणि तिच्यावर लिहिलं होतं : कन्सल्टिंग इंजिनियर, जागेनुसार नकाशे. या धंद्याचं नाव त्या वेळी कुणी ऐकलेलं नव्हतं. इंजिनियर म्हणजे सरकारी, आणि घर बांधायचं तर मिस्त्री. मधला हा कोण, हे कुणाला कळत नसे. एकदा पेंड घ्यायला आलेल्या एका गवळ्याने जिना चढून विचारलं की वर काय विकतात. नक्शानवीस, म्हणजे नकाशे रेखणारे नवाबमियाँ टेबलावरून मान न उचलता म्हणाले, "मशविरा." म्हणजे सल्ला.

"मशविरे के पैसे?" गवळी म्हणाला. "हमारे घर में तो साला मुफत में देता. लेनेवाला नहीं मिलता."

साहेबांना हे इतकं आवडलं की पुढे कुणी अहवाल घेऊन गेलं आणि त्याप्रमाणे वागलं नाही की ते एवढंच म्हणत, "लेनेवाला नहीं मिलता."

त्याआधी ते संस्थानच्या बांधकाम खात्यात होते. चांगली नोकरी, घोडागाडी, चपराशी. एका वरिष्ठाने सगळ्या तालुक्यांतल्या शाळांसाठी एकच नकाशा मंजूर केला आणि त्यावर साहेबांची सही मागितली. तेलंगणातल्या मुरमावर आणि मराठवाड्याच्या काळ्या रानावर एकच पाया. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावरची भिंत दर वर्षी वर-खाली होते. साहेब म्हणाले, "हुजूर, काळ्या मातीला आपला हुकूम वाचता येत नाही." वरिष्ठांना वाचता येत होता. नोकरी गेली, साहेब घरी आले आणि महिन्याभरात गौलीगुड्याची माडी भाड्याने घेतली.

त्यांच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात नवाबमियाँच्या सुरेख अक्षरात एक ओळ असे : 'सिर्फ इसी जगह के लिए.' नकाशा चष्म्यासारखा असतो, असं साहेब म्हणत. शेजाऱ्याचा घालून चाललात तर ठेचकाळणारच. म्हणून जागेवर गेल्यावर ते पहिल्यांदा आजूबाजूच्या लोकांना भेटत. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, विहिरी किती खोल, या जागेला काय म्हणतात. दफ्तराच्या गच्चीवर वेगवेगळ्या भट्ट्यांच्या विटा बादल्यांत बुडवून ठेवलेल्या असत आणि चुन्याचे गोळे गावांच्या नावानिशी उन्हात वाळत असत. महिनाभर वाळवायचे, मग वजनाखाली फोडून बघायचे. शेजारच्या बायका त्याच गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पापड घालत. एकदा कुणाच्या तरी पोराने पापडाची लाटी समजून चुना तोंडात घातला तेव्हा साहेबांनी त्याचं तोंड धुतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा की गोळा कुठल्या गावचा होता.

दुसरी सवय दोन सह्यांची. कुठलाही कागद दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय बाहेर जायचा नाही आणि तो दुसरा माणूस म्हणजे नवाबमियाँ. त्यांची भांडणं ऐकायला मजा येई. साहेब मराठीत भांडत, नवाबमियाँ दख्खनीत, आणि दोघांचाही आवाज चढत नसे. "साब, ये बेरीज मेरेकू ठीक नै मालूम होरी," असं म्हणून ते कागद परत सरकवत. साहेब चिडून पुन्हा मांडत. बऱ्याचदा साहेब बरोबर निघत. जेव्हा चूक निघे तेव्हा त्या दिवशीचा चहा साहेबांकडून.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो भांडायलाच. स्वातंत्र्य दिल्लीला आलं होतं, आमच्याकडे आलं नव्हतं. आम्ही पोरं चोरून पत्रकं छापत होतो आणि प्रतिष्ठितांच्या सह्या गोळा करत होतो. साहेबांनी माझं पत्रक वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'गावोगाव तळी फुटली, दरबार झोपला' अशी ती ओळ होती. कुठलं तळं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सगळीच. एकाचं नाव सांग, ते म्हणाले. मी एक सांगितलं. "तू गेला होतास?"

मी गेलो नव्हतो. कोण जातो? पत्रक लिहिणारा माणूस तळ्यावर गेला तर पत्रक कधी लिहिणार, असं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी आतून टोपी आणली आणि म्हणाले, चला पत्रके. त्या दिवसापासून माझं नाव पत्रके पडलं. पुष्कळांना ते माझं आडनाव वाटे.

आम्ही बसने आणि पुढे बंडीने त्या गावाला गेलो. फुटलेला बांध पाहिला. साहेबांनी सवयीप्रमाणे माती तोंडात घातली आणि मलाही घालायला लावली. मग बांधाच्या पायथ्याला असलेली खोलगट जागा दाखवली. दुरुस्तीच्या ठेकेदाराने लांबून माती आणण्याऐवजी बांधाच्याच पायाची उकरून बांधाच्या डोक्यावर घातली होती. डोकं उंच झालं, पाय पोकळ झाले. मी परत येऊन हेच लिहिलं. ठेकेदाराचं काम, तपासणीला न आलेला अधिकारी, वाहून गेलेली शेतं. विशेषण एकही नाही. त्यावर साहेबांनी सही केली, पूर्ण नाव आणि दफ्तराचा पत्ता घालून. आमची आधीची पत्रकं पोलिसांनी वाचलीही नसतील. या पत्रकासाठी दोघे वर्दीवाले माडीवर चढले, कपाटं उलथली आणि जाताना गच्चीवरचे सगळे गोळे बुटांनी फोडून गेले. साहेब तुकडे गोळा करत म्हणाले, "वजनाशिवाय फोडले. काही उपयोग नाही झाला."

हे मुद्दाम सांगतो आहे. कारण पुढे आमच्याच लोकांनी या माणसाला 'दरबारी' म्हटलं.

मग फौजा आल्या, पोलीस ॲक्शन झाली, संस्थान विलीन झालं. आम्ही मिरवणुका काढल्या. त्या दिवसांत एक गोष्ट मी रोज पाहायचो. संध्याकाळी दफ्तर बंद झालं की साहेब नवाबमियाँना त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला जात. वर्षभरापूर्वी, जेव्हा दरबाराचे वर्दीवाले रस्त्यांवर होते, तेव्हा नवाबमियाँ साहेबांना नल्लकुंट्याला घरापर्यंत सोडायला येत. दोघे काय बोलत कोण जाणे. मी मागून जायचो तेव्हा विषय चुन्याचा असे.

आता शाळा. मराठी मुलींची शाळा हे आमचं जुनं दुखणं होतं. पूर्वी परवानगी मिळत नव्हती. आता कुणाची परवानगी मागायची नव्हती. समिती झाली, अध्यक्ष वकीलसाहेब. जुन्या खानदानी घरातले, बोलण्यात साखर, आणि हेही लिहिलं पाहिजे की तुरुंगात गेलेले. भित्रा माणूस नव्हता तो. मी प्रचाराला. बरकतपुऱ्याच्या पलीकडे रस्त्याला लागून मोठी मोकळी जागा मिळाली. तिला बर्रेखुंटा म्हणत. म्हणजे आम्ही म्हणत असू. आम्हा मराठी लोकांचं तेलुगू दुधापुरतं. बर्रे म्हणजे म्हैस हे ठाऊक, आणि पुढचा शब्द आम्ही आपल्या कानाने दुरुस्त करून घेतला. म्हशीचा खुंटा. गवळ्यांची जागा, गुरं बांधत असतील, जमीन घट्ट असणार. समितीच्या कागदांवर आणि माझ्या पत्रकांतही तसंच छापलं गेलं.

साहेबांना जागा तपासायला सांगण्याचा ठराव मीच मांडला होता. काही दिवसांनी ते बैठकीला आले आणि टेबलावर रुमाल सोडला. आत बारीक पांढरे शंख होते, गोगलगायींचे, आणि एक फुटका शिंपला.

"ही जागा तळ्याची आहे," ते म्हणाले.

वकीलसाहेब हसले. "अहो, बर्रेखुंटा आहे तो. गवळी म्हशी बांधायचे तिथे."

"खुंटा नव्हे, कुंटा. तेलुगूत कुंटा म्हणजे लहान तळं. म्हशी तिथे डुंबायच्या. शहराचा कचरा टाकून टाकून ते बुजवलंय. वर पुरुषभर राडारोडा, खाली काळा गाळ. मी चाखलाय."

कुणीतरी विचारलं, मग आपलं नल्लकुंटा? काळं तळं, साहेब म्हणाले. वकीलसाहेबांनी संधी सोडली नाही. "तीन पिढ्या आम्ही नल्लकुंट्यात राहतोय साहेब, अजून पाय भिजले नाहीत."

सगळे हसले. मीही हसलो असेन. साहेबांनी हसू संपू दिलं. "तुमचं घर काठावर आहे, वकीलसाहेब. शाळा तुम्ही पोटात बांधताय."

त्यांनी नुसतं नाही म्हटलं नव्हतं. जागेच्या पश्चिमेला काठाचा घट्ट मुरूम होता. तिथे चार खोल्या बांधा, त्यांचा नकाशा त्यांनी करूनच आणला होता; हलकं छप्पर, उन्हाकडे पाठ, मुलींच्या उंचीच्या खिडक्या. उरलेल्या जागेवर खेळायचं मैदान ठेवा. पुढे पैसा आला तर खालच्या मुरमापर्यंत विहिरीसारखे गोल पाये उतरवून त्यांवरच्या कमानींवर बाकीच्या खोल्या घेऊ. पण त्या चार खोल्या रस्त्यावरून दिसत नव्हत्या आणि मुंबईहून मोठे पाहुणे उद्घाटनाला यायचे होते. समितीला रस्त्यावर तोंड हवं होतं, आठ खोल्या आणि मध्ये सभागृह.

वकीलसाहेबांनी अहवाल चाळला आणि शेवटच्या पानावर थांबले. दुसरी सही कुणाची, त्यांनी विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले की लोकांनी काय काय सोसलंय ते आपण जाणता. मराठी शाळेच्या पहिल्या कागदावर ही सही शोभणार नाही.

"शोभेचं तुम्ही बघा," साहेब म्हणाले. "बेरीज ते बघतात."

ते रुमाल तिथेच ठेवून गेले. ठराव झाला की साहेबांचे आभार मानावेत.

नामपल्लीला स्टेशनजवळ एका व्यापाऱ्याच्या ट्रस्टची धर्मशाळा होती. नकाशा साहेबांचाच, आठ खोल्या आणि मध्ये मोठी खोली. ट्रस्टींनी नकाशा समितीला उसना दिला. कोपऱ्यातली ओळ तशीच होती. साहेबांना कळलं तेव्हा ते वकीलसाहेबांच्या घरी गेले, मी बरोबर होतो. ती धर्मशाळा कातळावर बसलीय, ते म्हणाले, तिचा पाया गुडघाभर खोल आहे कारण तिथे तेवढा पुरतो. तळ्यावर तो चालणार नाही. त्यांनी ती ओळ दाखवली. वकीलसाहेबांनी पान दिलं, सुपारी दिली आणि गोड हसून म्हणाले, "उर्दूचे दिवस गेले, साहेब."

जिना उतरताना मी शिव्या दिल्या. मी त्याच संध्याकाळी समिती सोडली आणि लोक म्हणाले की पत्रकेला समितीच्या चिटणीसाची खुर्ची मिळाली नाही म्हणून रुसला.

शाळा झपाट्याने उभी राहिली आणि उद्घाटनाआधीच वर्ग सुरू झाले. दिसायला सुंदर होती, खोटं कशाला बोलू. माझी धाकटी बहीण कुमुद सहावीत गेली आणि तिचा वर्ग पूर्वेच्या कोपऱ्यातल्या खोलीत आला. पहिल्या बाकावर जागा मिळाली म्हणून ती दोन दिवस जेवताना दुसरं काही बोलली नाही. घरात मी जागेचा विषय काढला की आई म्हणे, तुला सगळ्यातच खोट दिसते.

पावसाळा लागला आणि कोपऱ्याच्या भिंतीवर तिरकी चीर आली. समितीच्या मिस्त्रीने ती लिंपून टाकली. ती पुन्हा आली. साहेब रोज सकाळी शाळा भरायच्या आधी जाऊन ती पाहू लागले. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, त्या कुलूप उघडून देत. साहेबांनी खिडकीच्या काचेच्या अरुंद पट्ट्या कापून आणल्या आणि चिरेवर आडव्या, दोन्ही टोकांना चुन्याने चिकटवल्या. भिंत थांबली असेल तर काच राहील, ते म्हणाले, चालत असेल तर तुटेल. काच खोटं बोलत नाही आणि तिला समितीत घेता येत नाही. पहिली पट्टी चार दिवसांत तडकली. दुसरी लावली, तीही. मुलींना त्या पट्ट्यांची गंमत वाटे. भिंतीला चष्मा लावलाय म्हणत. मग कुणीतरी वकीलसाहेबांना सांगितलं की पाहुणे येणार आणि भिंतीवर हे काय, तेव्हा मिस्त्रीने पट्ट्या खरवडून काढल्या, चुना मारला आणि वर पताका लावल्या.

मी पत्रक लिहिलं. मथळा दिला 'खुनी समिती'. साहेबांनी पेन्सिलने पहिला शब्द खोडला. मी भांडलो. ते म्हणाले, "अजून कुणी मेलं नाही. न मेलेल्यांचा खून छापू नकोस. ते मरू नयेत एवढंच आपलं काम आहे."

"मग काय करायचं? अहवाल दिलात. घरी गेलात. काचा लावल्यात. राहिलं काय?"

त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि टोपी चढवून घरी गेले.

उद्घाटनाच्या सकाळी ते घरून लाकडी घडीची खुर्ची घेऊन आले. कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात ती उघडली आणि आत पाठ, बाहेर तोंड करून बसले. पायघोळ कोट, डोक्यावर टोपी, हात गुडघ्यांवर. पाहुणे वर्गावर्गातून फिरणार होते आणि मुली बाकांवर बसून कविता म्हणणार होत्या. सहावीच्या मुली दारासमोर रांगेत उभ्या राहिल्या. बाई विनवू लागल्या. साहेबांनी त्यांना नमस्कार केला आणि बसून राहिले. मुलींत माझी बहीण पुढे होती, नवं परकर-पोलकं घालून. तिला रडू फुटलं. "तुमची शाळा आहे का ही?" तिने विचारलं.

"नाही, बाळ."

"मग उठा ना."

ते उठले नाहीत. समितीतल्या एकाने दरबारी म्हातारा म्हटलं, दुसऱ्याने वेडा. एक स्वयंसेवक खुर्चीला हात घालायला पुढे झाला, तिथे मी मध्ये पडलो आणि आमची धराधरी झाली. तेवढ्यात वकीलसाहेब आले. त्यांनी सगळ्यांना मागे सारलं. आवाज अगदी मऊ ठेवून म्हणाले की साहेब, आपण वडीलधारे, आज मुलींचा दिवस आहे, उठा.

"उठतो," साहेब म्हणाले. "आधी तुम्ही आत बसा. त्या भिंतीलगतच्या पहिल्या बाकावर. पाहुणे जाईपर्यंत."

साहेबांनी खुर्ची थोडी बाजूला घेतली, एक माणूस जाईल एवढी. वकीलसाहेबांनी आत पाहिलं. मग त्यांची नजर वर गेली, पताकांच्या वर, जिथे नवा चुना पुन्हा फाकला होता. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. तुरुंगात हसत गेलेला तो माणूस उंबऱ्याशी क्षणभर थांबला, आणि बाईंकडे वळून म्हणाला, "मुलींना व्हरांड्यात बसवा. हवा चांगली आहे."

मुली व्हरांड्यात बसल्या, कविता झाली, पाहुण्यांनी कौतुक केलं. पण त्यानंतर त्या खोलीत वर्ग भरवा असं म्हणायला समितीतला एकही माणूस धजला नाही. खोलीला कुलूप लागलं. सहावी व्हरांड्यातच बसू लागली आणि मुली त्यासाठी त्या म्हाताऱ्याला नावं ठेवत राहिल्या. कुमुद माझ्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हती.

झडीच्या पावसात, भर दुपारी, शाळा भरलेली असताना ती भिंत खचली. आधी कोपरा बसला, मग छप्पर खाली आलं. मुली पलीकडच्या व्हरांड्यात गणितं सोडवत होत्या. कुणाला ओरखडा गेला नाही. मी धावत पोहोचलो तेव्हा ढिगाऱ्यातून बाकाचा एक पाय वर आला होता आणि शाळेला सुट्टी मिळाली म्हणून लहान मुली उड्या मारत होत्या.

त्या आठवड्यात समितीचं निवेदन आलं की अध्यक्षांच्या दक्षतेमुळे खोली आधीच बंद ठेवली होती, म्हणून अनर्थ टळला. आणि शहरभर बोललं गेलं की मिट्टीसाहेबांच्या नकाशाची भिंत पडली. लक्षात घ्या, या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. नकाशा त्यांचाच होता. मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो की आता तरी कडक छापू या. ते गच्चीवर एक वीट पाण्यातून काढून तोलत होते. म्हणाले, "नकाशा माझा, हे खरं. जागा माझी नव्हती, हेही खरं. पहिलं वाक्य लोकांना चटकन समजतं."

मी छापलं, माझ्या नावाने. दरबाराविरुद्धची पत्रकं लोक धोतरात लपवून नेत. हे उघड हातात दिलं तरी तिथेच टाकून जात. गौलीगुड्याच्या बाजारात त्याच्या पुड्या झाल्या. भिंत पडलेल्या इंजिनियरकडे कोण नकाशा काढायला येणार? येणारे लोक जिन्याखालूनच परत जाऊ लागले. नव्या सरकारी यादीत साहेबांचं नाव आलं नाही. जुन्या सरकारनेही त्यांना ठेवलं नव्हतंच. वर्ष कसंबसं गेलं. मग त्यांनी माडी सोडली आणि मुलीकडे नागपूरला जायचं ठरवलं.

नामपल्ली स्टेशनवर पोहोचवायला नवाबमियाँ आणि मी होतो. गाडीला वेळ होता म्हणून साहेब म्हणाले, जरा धर्मशाळेवरून येऊ. तिच्या ओट्यावर प्रवासी झोपले होते, एक बाई पोरीची वेणी घालत होती. साहेब भिंतीकडेने सबंध फेरी मारून आले. कुठे केसभर रेघ नव्हती. मला वाटलं ते काही बोलतील, निदान उसासा टाकतील. ते नवाबमियाँना म्हणाले की मागच्या बाजूची पन्हाळ तुंबलीय, ट्रस्टींना सांगा, नाहीतर ओल धरेल. नवाबमियाँ म्हणाले, "हौ साब, बोलतौं." दोघांनी हात मिळवला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही. साहेब मला खिडकीतून म्हणाले, "पत्रके, रागाने लिही. पण बघून ये आणि मग रागाने लिही." तेच करतो आहे.

साहेब वारल्याची बातमी काही वर्षांनी नवाबमियाँनीच सांगितली. नामपल्लीच्या एका गल्लीत ते आता फोटोंना फ्रेमा करतात. त्यांच्या हातची काटकोनी कड अजून पाहण्यासारखी असते. साहेबांच्या मुलीने त्यांना कळवलं होतं, मला नाही. ताप आला, गेले. नवाबमियाँ म्हणाले, "आखिर तक पूछते थे, पन्हाळ साफ हुई क्या."

घरी आलो तेव्हा कुमुद दोन मैत्रिणींबरोबर मॅट्रिकचा अभ्यास करत बसली होती. तिघी त्याच वर्गातल्या. मी सांगितलं, मिट्टीसाहेब गेले.

"कोण?" तिने विचारलं.

"शाळेच्या दारात खुर्ची टाकून बसले होते ते."

"अगं बाई, ते," कुमुद मैत्रिणींना म्हणाली. "आठवतात का गं? किती राग यायचा आपल्याला त्यांचा." एकीने उशी उंबऱ्यात ठेवली, तिच्यावर ताठ बसली, हात गुडघ्यांवर घेतले आणि गाल फुगवले. बाकीच्या दोघी हसून हसून वाकल्या. मी बोलायला तोंड उघडलं. कुमुदच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं, तिची वेणी सुटली होती, आणि ती नक्कल करणारीला ढकलत म्हणत होती, ऊठ ना, ऊठ ना. आतून आईने पानं घेतल्याची हाक दिली. तिघींनाही भूक लागली होती. त्या पुस्तकं तशीच उघडी टाकून जेवायला पळाल्या.